शिकवणाऱ्या ग्रंथपालाचे शिक्षण

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये ‘शिक्षक’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या दिली आहे. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक यांच्याबरोबर महाविद्यालयाचा ग्रंथपालही त्या व्याख्येत येतो. आधीच्या १९९४ च्या कायद्यातही तो होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने त्याला सहायक प्राध्यापकाच्याच पायरीवर, म्हणजे दहाव्या वेतनस्तरावर ठेवले. दोघांचेही सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. नेमणुकीची अटही जवळपास तीच: पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. नेट-सेटचा पहिला पेपर सगळ्या विषयांना सारखा असतो आणि त्यात अध्यापनाच्या कलावर प्रश्न असतात. ग्रंथपाल होऊ पाहणाऱ्या उमेदवाराची शिकवण्याशी अधिकृत गाठ बहुधा एवढीच पडते, तीही चार पर्यायांतल्या एकावर खूण करताना. नोकरी लागल्यावर मात्र त्याला रोज शिकवावे लागते.

सहायक प्राध्यापकालाही बी.एड.ची सक्ती नाही, हे खरे. पण त्याच्या हाती अख्खे वर्ग आणि अख्खे वर्ष असते. सोमवारी विषय नीट उतरला नाही तर बुधवारच्या तासाला तो दुरुस्त करता येतो. ग्रंथपालाला मिळतो तो प्रवेशाच्या धामधुमीनंतरचा एखादा तास, समोर साठ-सत्तर अनोळखी मुले, आणि त्या तासात नियमावली, ओळखपत्र, ग्रंथसूची, ई-नियतकालिके असे सगळे कोंबायचे. वर्षाचा उरलेला भाग तो देवघेवीच्या खिडकीपाशी एकेकट्याला शिकवतो. एका विद्यार्थ्याला वर्गांक कसा वाचायचा ते सांगतो, दुसऱ्याला प्रबंधाची संदर्भसूची लावून दाखवतो. वेळापत्रकात या शिकवण्याची नोंद नसते, त्यामुळे त्यासाठी लागणाऱ्या तयारीचीही नसते. शिकवणाऱ्या ग्रंथपालाच्या व्यावसायिक विकासाचा प्रश्न इथून सुरू होतो.

या कामाचे स्वरूप ओळखायला येरवड्याचे डेक्कन कॉलेज हे चांगले ठिकाण आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपासून या संस्थेचा वंश सांगितला जातो. १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ती येरवड्याच्या दगडी इमारतीत आली. टिळक आणि आगरकर इथेच शिकले. टिळकांची खोली अजून जपलेली आहे. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. १९९० पासून त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत व कोशशास्त्र हे इथले विषय, ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे, सु. मं. कत्रे ही इथली माणसे. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम हाती घेतले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून उतरवलेल्या, एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या त्यासाठी जमल्या. माहिती कशी गोळा होते, कशी लावली जाते आणि पुन्हा कशी सापडते, याचे इतके ठसठशीत उदाहरण क्वचितच दुसरीकडे असेल.

अशा संस्थेत एम.ए.ला आलेल्या मुलाला ग्रंथालयात काय शिकावे लागते? पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याने जोर्वे संस्कृतीवर निबंध घेतला, असे धरू. जोर्वे हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले गाव. तिथले उत्खनन १९५०-५१ चे. त्याच संस्कृतीचे सर्वांत तपशिलाने खणलेले गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातले इनामगाव. डेक्कन कॉलेजने ते १९६८ पासून १९८३ पर्यंत टप्प्याटप्प्याने उकरले. यावरचे साहित्य एका जागी नसते. उत्खननाचा पहिला त्रोटक वृत्तांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिक आढाव्यात येतो, सविस्तर अहवाल काही वर्षांनी ग्रंथरूपाने निघतो, मधल्या काळात संस्थेच्या बुलेटिनमध्ये लेख येत राहतात, आणि धान्यांचे दाणे, हाडे, मृद्भांडी यांवरचे प्रबंध वेगळ्याच कपाटात असतात. आढाव्यातील नोंद आणि अंतिम अहवाल यांत फरक आढळला तर कोणत्यावर विसंबायचे, हे विद्यार्थ्याला कोणीतरी सांगावे लागते. हा विषयाचा प्रश्न आहे तितकाच ग्रंथालयाचाही.

त्यातच वर्णलेखनाची अडचण. येरवडा हेच नाव घ्या. इंग्रजीत ते कधी ‘डब्ल्यू’ने लिहिलेले असते, कधी ‘व्ही’ने, मध्ये एक ‘ए’ कोणी घालतो, कोणी गाळतो. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकात येरवडा ‘व्ही’ने आहे. रस्त्यावरच्या पाटीवरचे स्पेलिंग संगणकात टाकून शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते पुस्तक सापडणार नाही, आणि ‘ग्रंथालयात नाही’ असे समजून तो निघून जाईल. संस्कृत नावांवर टिंबे आणि आडव्या रेघा देऊन केलेले रोमन लेखन हा याच्या पुढचा धडा. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातली बोलींची नावे आणि आजची नावे जुळवून घ्यावी लागतात. पाच मिनिटांत सांगून होईल असे यातले काहीच नाही; पण एका चांगल्या आखलेल्या तासात, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयावर काम करून घेत, बरेच काही साधते. तो तास आखायला शिकणे हेच ग्रंथपालाचे खरे प्रशिक्षण.

ग्रंथपालाला प्रशिक्षण हवे, ही जाण भारतात मराठी राज्यकर्त्याच्या पुढाकाराने आली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. लाहोरला १९१५ मध्ये पंजाब विद्यापीठात दुसरा अमेरिकन ग्रंथपाल, एसा डॉन डिकिन्सन, शिकवू लागला. एस. आर. रंगनाथन यांचा मद्रासचा वर्ग १९२९ चा. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते, आणि संदर्भसेवेवर लिहिताना नव्या वाचकाला ग्रंथालयाची दीक्षा देणे हे त्यांनी कर्तव्य म्हणूनच मांडले. तरी या सगळ्या वर्गांचा भर वर्गीकरण, तालिकीकरण आणि व्यवस्थापन यांवर राहिला. तेव्हा ते योग्यच होते, कारण आधी ग्रंथ लावलेले असायला हवेत. पण पुढे पदवी अभ्यासक्रम वाढले, संगणक आला, आणि शिकवण्याची बाजू मात्र एखाद्या पेपरातल्या ‘वापरकर्ता प्रशिक्षण’ या घटकापुरती उरली.

नोकरीत असताना मिळणाऱ्या संधींपैकी सर्वांत ठळक म्हणजे पदोन्नतीसाठी सक्तीचे अभ्यासक्रम. महाविद्यालयांत ज्याला सरसकट ‘कॅस’ म्हणतात, त्या प्रगती योजनेच्या अटी ग्रंथपालासाठी वेगळ्या लिहिलेल्या आहेत. दहाव्या स्तरावरून अकराव्यावर जायला पीएच.डी. असेल तर चार, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षांची सेवा लागते. शिवाय २१ दिवसांचा एक ओरिएंटेशन अभ्यासक्रम आणि ग्रंथालयाचे संगणकीकरण, अंकीकरण, देखभाल यांवरचे किमान पाच दिवसांचे प्रशिक्षण. त्यापुढच्या पायरीला दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमांचा पर्याय आहे, आठवड्याचे दोन जोडून त्याची भरपाई करण्याची मुभा आहे, आणि एखादा ऑनलाइन मुक्त अभ्यासक्रम पूर्ण करणे किंवा स्वतः तयार करणेही धरले जाते.

या यादीत संगणकीकरणाचे नाव पुन्हा पुन्हा येते. अध्यापनाचे वेगळे नाव कुठेच नाही. तरी त्याच नियमावलीच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात, ग्रंथपालाने वर्षभरात केलेल्या कामांपैकी काय मोजायचे ते सांगताना, वाचकांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आखून चालवणे हे काम स्पष्टपणे लिहिले आहे. म्हणजे शिकवल्याचे श्रेय आहे, शिकवायला शिकण्याची सोय मात्र नावानिशी नाही. ही विसंगती लहान नाही. ज्याला अभ्यासक्रम आखायला सांगितले आहे त्याला उद्दिष्ट कसे लिहावे, तासाची मांडणी कशी करावी, मुलांना आले की नाही हे कसे तपासावे, याचे शिक्षण त्याच चौकटीत मिळायला हवे होते. तोवर या तक्त्यातल्या ओळीचा आधार घेऊन वर्षातून एक तरी नेटका अभ्यासक्रम चालवणे आणि त्याची टिपणे ठेवणे, एवढे ग्रंथपालाच्या हातात आहे.

हे अभ्यासक्रम घेणाऱ्या संस्थांची नावे बदलत आली आहेत. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठांतून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, आणि ५ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या मालवीय मिशननंतर ती मदन मोहन मालवीय यांच्या नावाची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली. जुन्या ग्रंथपालांच्या तोंडी अजून ‘ओरिएंटेशन’ आणि ‘रिफ्रेशर’ हेच शब्द आहेत. यातला ओरिएंटेशन अभ्यासक्रम शिकवणाऱ्या ग्रंथपालासाठी रिफ्रेशरपेक्षा मोलाचा ठरू शकतो, आणि त्याचे कारण साधे आहे. रिफ्रेशरमध्ये सगळे ग्रंथपालच असतात. ओरिएंटेशनमध्ये रसायनशास्त्राचा, वाणिज्याचा, मराठीचा प्राध्यापक शेजारी बसतो. तिथे सूक्ष्म अध्यापनाचा पाठ द्यावा लागतो आणि तो निरनिराळ्या विषयांचे सहकारी पाहतात. ग्रंथसूचीतून शोध कसा घ्यायचा हे वाणिज्याच्या प्राध्यापकाला दहा मिनिटांत पटवता आले, तर पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे उभे राहणे सोपे जाते. ग्रंथपालाने या २१ दिवसांत मागच्या बाकावर बसून प्रमाणपत्राची वाट पाहणे हे स्वतःचेच नुकसान.

२०१८ मध्ये ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर ‘अर्पित’ नावाचे ऑनलाइन उजळणी अभ्यासक्रम सुरू झाले. चाळीस तासांचे साहित्य, त्यातले निम्मे चित्रफितींचे, आणि शेवटी परीक्षा. ग्रंथालयशास्त्रासाठीही असे अभ्यासक्रम निघाले. तालुक्याच्या गावी एकट्याने ग्रंथालय सांभाळणाऱ्याला ही मोठीच सोय झाली. पडद्यावरून शिकणे म्हणजे ऐकणे, त्यात उभे राहून बोलण्याचा सराव होत नाही, ही मर्यादा मात्र राहते.

ग्रंथपालांच्या जगात इन्फ्लिबनेटचे नाव रोज निघते, आणि त्याच्या जन्माचा धागा पुण्याशी आहे. १९९१ मध्ये हा प्रकल्प पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठीय केंद्राच्या छत्राखाली सुरू झाला. १९९६ मध्ये तो स्वतंत्र झाला. आज त्याचे घर गांधीनगरला आहे. महाविद्यालयांना ई-नियतकालिके देणारी एन-लिस्ट योजना, प्रबंधांचे ‘शोधगंगा’ भांडार आणि ‘सोल’ ही ग्रंथालय-प्रणाली हे सारे त्याचे. त्याच्या ‘कॅलिबर’ आणि ‘प्लॅनर’ या परिषदांत आणि प्रशिक्षणवर्गांत प्रणाली हाताळायला शिकवतात. तिथून परतलेल्या ग्रंथपालापुढचे काम भाषांतराचे असते: तंत्रज्ञाच्या भाषेत शिकलेले बी.ए.च्या मुलाच्या भाषेत सांगायचे. शोधगंगेवर प्रबंध कसा चढवायचा हे तिथे शिकवले जाते. आपल्या विषयावर आधी कोणी काम केले आहे का, हे विद्यार्थ्याने तिथे कसे पाहायचे, याचा पाठ मात्र ग्रंथपालाने स्वतः रचायचा असतो.

या शिकवण्याची निकड २०२५ पासून वाढली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके, आणि सरकारी व्यवस्थापनाखालच्या ६,३०० हून अधिक संस्था. समन्वय इन्फ्लिबनेटकडे. ज्या महाविद्यालयात काल वीस नियतकालिके येत होती तिथल्या पडद्यावर आज हजारो उघडतात. शोध कसा मांडायचा हे माहीत नसलेल्या मुलाला एवढ्या गर्दीत पहिले पाच निकालच दिसतात.

आता या प्रकरणातल्या सर्वांत महत्त्वाच्या घडामोडीकडे यायचे, आणि तीही बरीचशी पुण्यातच घडली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा प्रसिद्ध झाली. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालय व माहितीशास्त्र विभागाचा मोठा वाटा होता. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेल्यांतली सुमारे ८८ टक्के निकृष्ट दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. पत्ता खोटा, संपादक मंडळ संशयास्पद, पैसे भरले की लेख छापून येतो, असला हा धंदा होता. त्यानंतर ‘केअर’ ही नवी यादी करण्याचे काम सुरू झाले आणि नियतकालिके पारखण्याचा कक्ष पुणे विद्यापीठात आला. नियतकालिकाची पारख हे तोवर ग्रंथपालाचे पडद्यामागचे काम होते. या अभ्यासाने ते साऱ्या देशाच्या चर्चेत आणले.

२०१९ च्या अखेरीस आयोगाने पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. या अभ्यासक्रमाचे प्रायोगिक वर्गही पुणे विद्यापीठात झाले. त्याचे सहा घटक आहेत. तत्त्वज्ञान व नीती, विज्ञानातले आचरण आणि प्रकाशनाची नीती हे पहिले तीन बौद्धिक विवेचनाचे. पुढचे तीन प्रात्यक्षिकाचे: मुक्त प्रवेश प्रकाशन चार तास, प्रकाशनातले गैरव्यवहार चार तास, माहितीकोश व संशोधन-मापने सात तास. हे पंधरा तास ज्या साधनांवर चालतात ती सगळी ग्रंथपालाच्या रोजच्या हाताखालची. साम्य तपासणारी प्रणाली तोच चालवतो, उद्धरण-निर्देशांक तोच पाहतो, लेखकाने आपला लेख कुठे ठेवावा हे त्यालाच विचारतात. अर्धा अभ्यासक्रम त्याचा, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणून शिकवू इच्छिणाऱ्या ग्रंथपालाला आज उपलब्ध असलेली सर्वांत चांगली संधी हीच आहे. एका तासाच्या ओळखवर्गाऐवजी इथे पंधरा तास सलग मिळतात, विद्यार्थी मोजके असतात, त्यांना गरज असते, आणि शेवटी मूल्यमापन असते. वर्ग घेण्याआधी ग्रंथपालाने स्वतः हा अभ्यासक्रम विद्यार्थी म्हणून एकदा करावा, पुढच्या वर्षी एखाद्या विषयशिक्षकाबरोबर जोडीने घ्यावा आणि तिसऱ्या वर्षी आपले घटक एकट्याने घ्यावेत. ही चढण नैसर्गिक आहे.

साम्य तपासणीचेच उदाहरण घ्या. वाङ्मयचौर्य रोखण्याच्या २०१८ च्या नियमांनी टक्केवारीचे टप्पे ठरवले: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० पर्यंत पहिला टप्पा, ६० पर्यंत दुसरा, त्यावर तिसरा. विद्यार्थी ग्रंथपालाकडे येतो तो बहुधा ‘किती आले?’ एवढेच विचारायला. चांगला शिक्षक इथे थांबतो आणि अहवाल उघडून दाखवतो: हे साम्य अवतरणचिन्हांतल्या मजकुराचे, त्याची काळजी नको, हे पद्धतीच्या ठरीव वाक्यांचे, आणि हा परिच्छेद मात्र शब्द फिरवून घेतलेला आहे, तो आकड्यात थोडा दिसला तरी चोरीच. मराठीत लिहिलेल्या प्रबंधांची तपासणी यंत्राला इंग्रजीइतकी साधत नाही, कारण ज्या पुस्तकांतून मजकूर उचललेला असतो त्यातली कित्येक महाजालावर नाहीतच. तिथे यंत्राचा शून्य म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हेही शिकवावे लागते. या नियमांनीच संस्थांना दर सत्रात जागृतीचे कार्यक्रम घ्यायला सांगितले आहे. ते घेण्याचे काम ग्रंथपालाने मागून घ्यावे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ यादी बंद केली आणि नियतकालिकाच्या पारखीचे काम निकष सुचवून संस्थांवर सोपवले. यादी होती तोवर ‘यादीत आहे का’ हा एकच प्रश्न पुरत होता. आता प्रत्येक संशोधकाला पारखायला शिकावे लागेल, आणि ते शिकवू शकेल असा माणूस बहुतेक महाविद्यालयांत एकच आहे.

पीएच.डी.कडे ग्रंथपाल वेतनवाढीचा मार्ग म्हणून पाहतात. २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी तिला आणखी एक अर्थ दिला आहे. संशोधकाने, त्याचा विषय कोणताही असो, आपल्या विषयाच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. आठवड्याला चार ते सहा तास अध्यापनसाहाय्याचे काम देण्याचीही तरतूद आहे. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या ग्रंथपालाने मार्गदर्शकाकडे हे तास आग्रहाने मागावेत. प्रबंधाचा विषयही स्वतःच्या वर्गातून निघाला तर उत्तम: एका ओळखवर्गानंतर विद्यार्थ्यांचे शोध खरोखर बदलतात का, हे मोजणारा अभ्यास दहा सर्वेक्षणांपेक्षा उपयोगी.

शिकवण्याची दुसरी बाजू म्हणजे विषयाचे ज्ञान. येथेही येरवड्याचा इतिहास बोलका आहे. मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात गोळा केलेला हस्तलिखितांचा संग्रह बरीच वर्षे डेक्कन कॉलेजात होता. कीलहॉर्न आणि रा. गो. भांडारकर हे संस्कृतचे प्राध्यापकच त्या शोधकार्यातही होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झाल्यावर हा संग्रह तिकडे गेला. तिथे परशुराम कृष्ण गोडे १९१९ पासून अभिरक्षक होते. हस्तलिखिते सांभाळता सांभाळता त्यांनी भारतीय संस्कृतीच्या इतिहासावर शेकडो लेख लिहिले आणि देशोदेशीच्या अभ्यासकांच्या पत्रांना उत्तरे देत राहिले. त्यांच्यापुढे वर्ग नव्हता. पण कोणते हस्तलिखित कुठे आहे आणि त्याचा काळ कसा ठरवायचा, हे दोन पिढ्या त्यांच्याकडून शिकल्या. हे बळ संग्रहाच्या आतून आले होते.

आजच्या ग्रंथपालाला असे बळ मिळवण्याच्या जागा पुण्यात पायी फिरण्याच्या टप्प्यात आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी लिपीचे वर्ग होतात. हस्तलिखितशास्त्राच्या कार्यशाळा २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाने देशभर नेल्या. गोखले संस्थेच्या ग्रंथालयात सरकारी अहवाल आणि आकडेवारीची परंपरा आहे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची जी ग्रंथसूची केली ती नुसती वापरायला शिकणे हाही एक छोटा अभ्यासक्रम होईल. मोडी वाचता येणारा ग्रंथपाल इतिहासाच्या विद्यार्थ्याला दप्तरखान्यात पाठवताना रित्या हाताने पाठवत नाही. अशा वर्गांची प्रमाणपत्रे ‘कॅस’च्या तक्त्यात धरली जातीलच असे नाही, आणि तरीही ती मिळवावीत.

डेक्कन कॉलेजनेच घालून दिलेला आणखी एक नमुना इथे आठवतो. १९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने इथे भाषाशास्त्राचे हिवाळी आणि उन्हाळी वर्ग भरले. देशभरातले तरुण अध्यापक काही आठवडे एकत्र राहिले, अमेरिकन आणि भारतीय भाषाशास्त्रज्ञांकडून नवी पद्धत शिकले, आणि परत जाऊन त्यांनी आपापल्या विद्यापीठांत तो विषय रुजवला. भारतात आधुनिक भाषाशास्त्राच्या अध्यापनाची घडी बसली ती बऱ्याच अंशी या वर्गांमुळे. शिकवणाऱ्या ग्रंथपालांसाठी असा निवासी वर्ग महाराष्ट्रात भरायला हवा. अमेरिकेत विद्यापीठ ग्रंथपालांच्या संघटनेने १९९९ पासून ‘इमर्शन’ नावाने नेमके हेच केले: काही दिवस एकत्र राहायचे आणि वर्गीकरण, संगणक वगैरे बाजूला ठेवून फक्त शिकवण्याचा विचार करायचा. तिथली ‘लोएक्स’ ही संस्था १९७१ पासून ग्रंथपालांनी तयार केलेले पाठ एकमेकांपर्यंत पोहोचवत आली आहे. युनेस्कोने २००८ मध्ये माहिती साक्षरतेच्या प्रशिक्षकांसाठी जगभर कार्यशाळा घेतल्या, त्यांतली एक पतियाळ्याच्या पंजाबी विद्यापीठात झाली. परदेशी आराखडे उपयोगी आहेत, पण त्यांतली उदाहरणे इंग्रजी माहितीकोशांची असतात. जोर्वे, येरवडा आणि मोडी यांची उदाहरणे इथेच तयार करावी लागतील.

बिनखर्चाची संधी सगळ्यांत जवळ असते आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. एखाद्या प्राध्यापकाच्या तासाला जाऊन मागे बसावे आणि तो प्रश्न कसा विचारतो, किती वेळ थांबतो, हे पाहावे. मग त्याच प्राध्यापकाला आपल्या तासाला बोलवावे. एकाच शहरातल्या दोन-तीन महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी एकमेकांचे ओळखवर्ग पाहिले तरी बरेच दिसते: कोणी नियम वाचून दाखवण्यात वीस मिनिटे घालवतो, कोणी पहिल्याच मिनिटाला मुलांना मोबाइल काढून शोधायला लावतो. तासाच्या शेवटी कागदाचा एक तुकडा देऊन ‘आज शोधलेल्या एका लेखाचा पूर्ण संदर्भ लिहा’ एवढे सांगितले, तर काय उतरले आणि काय नाही, याचा पुरावा हाती येतो. अशा कागदांची वर्षभराची फाइल मूल्यमापनाच्या वेळीही कामाला येते.

या सगळ्याच्या आड येणारी गोष्ट म्हणजे वेळ. प्राध्यापकांना उन्हाळी आणि दिवाळीची सुटी असते, आणि प्रशिक्षणवर्ग पुष्कळदा त्याच बेताने लावलेले असतात. ग्रंथपालाची गणना सुटी नसलेल्या कर्मचाऱ्यांत होते. उलट ग्रंथपडताळणी सुटीतच करायची असते, कारण तेव्हा पुस्तके परत आलेली असतात. जून-जुलैमध्ये प्रवेश, मग ओळखवर्ग, मग परीक्षा. ज्या महाविद्यालयात ग्रंथपाल आणि एक परिचर एवढीच माणसे आहेत तिथे २१ दिवसांची कर्तव्यरजा म्हणजे २१ दिवस अर्धवट ग्रंथालय. याचा मार्ग काढता येतो. रजेचा अर्ज वर्षाच्या आरंभी, वेळापत्रकाबरोबरच द्यावा. त्या काळात देवघेव परिचराने आणि संदर्भाचे काम ग्रंथालय समितीतल्या एका प्राध्यापकाने पाहावे. पडताळणी दर तिसऱ्या वर्षी दोन टप्प्यांत वाटून घ्यावी. प्राचार्यांनी हे वेळापत्रक जूनच्या पहिल्या बैठकीत मंजूर करून ठेवले, तर ऑक्टोबरमधल्या वर्गासाठी ग्रंथपालाला ऐन वेळी परवानगी मागत बसावे लागत नाही.